पदवी आणि परवाना

दरवर्षी ज्येष्ठातला पाऊस सुरू झाला की आमच्या शाळेच्या कचेरीत माजी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. कुणास शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल हवी असते, कुणाच्या आडनावातील एखादे अक्षर पासपोर्टातील अक्षराशी जुळत नसते, तर कुणास दोन ओळींचे शिफारसपत्र पाहिजे असते. कारण विचारले तर उत्तर बहुधा एकच : “सर, शिकायला बाहेर जातोय.” हे ‘बाहेर’ म्हणजे पूर्वी मुंबई किंवा पुणे असे, आता ते टोरांटो, लंडन, मेलबर्न वा बर्लिन असते. मी आनंदाने पत्र लिहून देतो. परंतु अलीकडे पत्रावर सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारू लागलो आहे : “शिक्षण संपल्यावर तेथे काम करण्याची परवानगी तुला मिळणार आहे काय, आणि हे तू कोठे वाचलेस?” प्रश्नाचा पहिला भाग ऐकून मुले हसतात; दुसरा ऐकून गप्प होतात.

हा प्रश्न मला आमच्याच एका विद्यार्थ्याने शिकविला. मुलगा सालस, हिशेबात चोख. पदवी घेतल्यानंतर त्याने कॅनडात जाऊन व्यवस्थापनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावयाचे ठरविले. वडिलांनी राहते घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले. शहरातील एका मध्यस्थाने सर्व कागदपत्रे केली आणि संस्थेचे नाव तेथील सरकारी यादीत असल्याचे छापील पानावर बोट ठेवून दाखविले. २०२२ साली तो गेला. अभ्यासक्रम पुरा झाला, प्रमाणपत्र हाती आले, आणि कामाच्या परवान्यासाठी अर्ज भरावयास बसला तेव्हा त्याला कळले की आपली संस्था त्या परवान्यासाठी पात्रच नाही. परकीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यास मान्यता असलेल्या संस्थांची यादी वेगळी, आणि ज्या संस्थांतून शिकल्यावर कामाचा परवाना मिळू शकतो त्यांची मोजणी वेगळी. पहिल्या यादीत असलेल्या कितीतरी खाजगी संस्था दुसरीत बसत नाहीत. तो परत आला. आज तो येथील एका औषध कारखान्यात लेखा विभागात काम करतो आणि हप्ते फेडतो. गेल्या चतुर्थीला भेटावयास आला असता मी त्या मध्यस्थाला दोष देऊ लागलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, यादी खरीच होती. ती दुसऱ्याच गोष्टीची यादी होती.”

या एका वाक्याने मला हा लेख लिहावयास लावले आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या आणि विशेषतः पालकांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे, ती अशी की परदेशची पदवी मिळाली म्हणजे तेथे नोकरी करण्याचा अधिकार तिच्या पाठोपाठ आपोआप येतो. ही समजूत चुकीची आहे. पदवी विद्यापीठ देते. परवाना सरकार देते. पदवीचा विचार गुणांवरून होतो, परवान्याचा विचार त्या देशाच्या गरजेवरून होतो. पदवी एकदा मिळाली की ती कुणी काढून घेत नाही. परवान्याचे नियम मात्र तुम्ही वर्गात बसलेले असतानाही बदलू शकतात. ज्या घराने आपले छप्पर तारण ठेवले आहे, त्या घराला हा भेद आधी कळला पाहिजे.

प्रथम हे नियम आहेत तरी कसे, ते थोडक्यात पाहू. कॅनडात अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा असावा लागतो. तो दोन वर्षांहून कमी असेल तर साधारणतः जितका अभ्यासक्रम तितकाच परवाना. दोन वर्षे वा अधिक असेल तर तीन वर्षांचा. पदव्युत्तर पदवीच्या अभ्यासक्रमाला, तो दोन वर्षांहून लहान असला तरी, १५ फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षांचा परवाना मिळू लागला. हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. एक वर्षाचा अभ्यासक्रम करून त्यावर एक वर्षाचा परवाना घेतला, आणि मग दुसरा अभ्यासक्रम केला, तर दुसऱ्याच्या बळावर पुन्हा परवाना मिळत नाही. म्हणजे घाईने निवडलेला स्वस्त अभ्यासक्रम ही एकुलती एक संधी खाऊन टाकतो. सरकारी महाविद्यालयांशी करार करून त्यांचा अभ्यासक्रम खाजगी संस्था शिकवीत. १५ मे २०२४ पासून सुरू होणाऱ्या अशा अभ्यासक्रमांना परवान्याचे दार बंद झाले. पुढे १ नोव्हेंबर २०२४ पासून अर्जदारास भाषापरीक्षेचा निकाल जोडणे भाग झाले आणि विद्यापीठीय पदवी नसलेल्या अभ्यासक्रमांसाठी विषयक्षेत्राची अट आली.

इंग्लंडात हीच सवलत एकदा दिली गेली, एकदा काढून घेतली गेली आणि पुन्हा दिली गेली. तेथील जुनी योजना एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या पुष्कळ घटली. नवी योजना १ जुलै २०२१ रोजी सुरू झाली : पदवीधरास दोन वर्षे, डॉक्टरेट मिळविणाऱ्यास तीन वर्षे. अर्ज विद्यार्थी-व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी, आणि तोही इंग्लंडात राहूनच करावा लागतो. अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा झाल्याचे विद्यापीठाने सरकारला कळविलेले असावे लागते. निकालाच्या आनंदात घरी येऊन बसलेला विद्यार्थी येथून अर्ज करू शकत नाही. २०२५ साली तेथील सरकारने ही दोन वर्षांची मुदत कमी करण्याचे ठरविले. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने असा नियम केला. डॉक्टरेटची तीन वर्षे तशीच ठेवली.

ऑस्ट्रेलियात किमान दोन शैक्षणिक वर्षांचे शिक्षण तेथेच झालेले असावे लागते. वयोमर्यादा पूर्वी पन्नास होती; १ जुलै २०२४ पासून ती बहुतेकांसाठी पस्तिशीवर आली. माझ्यासारख्या तिशी ओलांडलेल्या शिक्षकाने नोकरी सोडून तेथे दुसरी पदवी घेण्याचे मनात आणले, तर त्याला पुस्तकांच्या आधी पंचांग पाहावे लागेल. अमेरिकेत तर या सवलतीला स्वतंत्र व्हिसाच नाही. विद्यार्थी-व्हिसाच्याच छायेत, आपल्या मुख्य विषयाशी संबंधित असे काम बारा महिने करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २०१६ पासून आणखी चोवीस महिन्यांची वाढ मिळू लागली. मी कलाशाखेचा पदवीधर. इतिहास आणि साहित्य शिकलेल्याच्या वाट्याला या नियमात बाराच महिने आले, याची खंत मला वाटली; पण खंत वाटून नियम बदलत नाही, म्हणून तो ठाऊक असणे बरे. जर्मनीने पदवीधराला योग्य नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली, आणि तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. तथापि नोकरीच्या बाजारात जर्मन भाषा आल्यावाचून पुष्कळ दारे उघडत नाहीत.

आता कुणी विचारील की परक्या देशाने आपल्या दाराला कोणती कडी लावावी हे सांगणारे आपण कोण? हा प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात कुणी किती दिवस राहून काम करावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि तो आपणही बजावतो. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. नियम कोणताही करा. परंतु तो कोणत्या दिवसापासून आणि कुणाला लावता, यात न्याय-अन्याय असतो. या बाबतीत वरील देशांची तुलना उद्बोधक आहे. कॅनडाने विषयक्षेत्राची नवी अट आणली तेव्हा १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी शिक्षण-परवान्यासाठी अर्ज केलेल्यांना त्या अटीतून वगळले. ज्या नियमांवर विश्वासून विद्यार्थी घरातून निघाला, त्याच नियमांनी, निदान त्या एका अटीपुरते, त्याला मोजले. उलट ऑस्ट्रेलियाची वयोमर्यादा जेव्हा खाली आली, तेव्हा तेथे आधीपासून शिकत असलेले प्रौढ विद्यार्थीही तिच्यात सापडले. इंग्लंडच्या नव्या नियमातही विद्यार्थी कधी आला हे पाहिलेले नाही, तो शेवटचा अर्ज कधी करतो हे पाहिले आहे. २०२४ च्या शरदात तीन वर्षांच्या पदवीसाठी गेलेल्या मुलाला जाताना दोन वर्षे दिसत होती. २०२७ च्या उन्हाळ्यात पदवी हाती येताना त्याच्या वाट्याला अठरा महिनेच येतात. त्याने कोणताही नियम मोडलेला नसताना त्याचे सहा महिने कमी होतात.

आमच्या शाळेत नववीच्या मुलाला आम्ही वर्षाच्या आरंभी परीक्षेची योजना सांगतो. मार्चमध्ये ती बदलली तर पालक मुख्याध्यापकांकडे येतील, आणि ते योग्यच करतील. विद्यार्थ्याकडून स्वदेशीयांच्या कित्येक पट शुल्क घेणाऱ्या राष्ट्रांकडून तितक्याच सचोटीची अपेक्षा करणे हा उद्धटपणा नव्हे. प्रवेशाच्या दिवशी जो नियम होता तोच बाहेर पडतानाही लागू असावा, एवढे साधे तत्त्व सर्वांनी मानले तर पुष्कळ घरांची झोप वाचेल. आणि आपल्या सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत ज्या नेटाने मालाच्या जकातीचा प्रश्न मांडावयाचा, त्याच नेटाने हाही मांडावा. हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली झालेल्या व्यापारकरारात भारतीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणोत्तर मुक्कामाची मुदत लिहून घेण्यात आली, आणि पुढे इतरांची मुदत कमी झाली तेव्हा करारातील ती मुदत टिकली.

आम्हा गोव्याच्या लोकांना दुसऱ्याच्या दाराचा अनुभव नवा नाही. आमचे पूर्वज मुंबईच्या कुडांत राहिले, तारवटी होऊन समुद्रावर गेले, पूर्व आफ्रिकेत गेले, मग आखातात गेले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि तो पासपोर्ट हाती घेऊन आमची कितीतरी माणसे इंग्लंडात गेली. तेव्हा पोर्तुगालचा नागरिक हा युरोपीय संघाचा नागरिक म्हणून तेथे कोणत्याही परवान्यावाचून काम करू शकत असे. ३१ जानेवारी २०२० रोजी इंग्लंड त्या संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही मोकळीक नव्याने येणाऱ्यांसाठी संपली. आधी पोहोचलेले राहिले. सामान बांधून बसलेल्यांची वाट मात्र बंद झाली. कालपर्यंत रहदारीचा रस्ता होता तेथे सकाळी भिंत दिसावी, तसे झाले. ज्यांनी हे आपल्या वाड्यावर पाहिले आहे, त्यांनी तरी परक्या परवान्याला मिरास समजू नये.

येथे मला जुन्या काळातील एक करार आठवतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी एका बुद्धिमान तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंडांची. त्या तरुणाने लिहून दिले होते की शिक्षणानंतर परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करीन. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या करारात आरंभीच सर्व स्पष्ट होते : पैसा कुणाचा, मुदत किती, परतफेड कशाने. आज आपल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा आपलाच असतो, पण परतफेडीचा हिशेब परक्याच्या नियमावर टांगलेला असतो.

परंतु त्या कथेचा उत्तरार्धही विसरता येणार नाही. बाबासाहेब १९१७ साली करार पाळण्यासाठी बडोद्याला आले, आणि एवढ्या मोठ्या विद्वानाला केवळ जातीमुळे राहावयास जागा मिळाली नाही. कचेरीतही अवमान सोसावा लागला. अखेर त्यांना ते शहर सोडावे लागले. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, समाज नव्हता. म्हणून परदेशी राहू इच्छिणाऱ्या तरुणांना ‘देशाला विसरले’ असे म्हणण्यापूर्वी मी थांबतो. परत येणाऱ्याला आपण काय देतो, हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला पाहिजे. शिकलेल्या मुलाला त्याच्या विद्येजोगे काम, सन्मान आणि राहावयास जागा येथे मिळत असती, तर अठरा महिन्यांच्या परवान्यासाठी घर तारण ठेवण्याची पाळी इतक्या कुटुंबांवर आली असती काय?

“मग सर, तुम्ही आम्हाला जाऊ नका म्हणता काय?” असा प्रश्न मला वर्गात विचारला गेला आहे. मी तसे मुळीच म्हणत नाही. माझ्या घरची भाषा कोकणी, मी शिकलो मराठीत, आणि पुढे इंग्रजीतील ग्रंथांवाचून माझी पदवी झाली नसती. दुसऱ्याच्या घरात जाऊन शिकल्याने माणूस मोठा होतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा आग्रह इतकाच की जाण्याचे कारण विद्या असावे आणि हिशेब कागदावर असावा.

त्यासाठी काही गोष्टी प्रत्येक घराने कराव्या. आपली संस्था आणि आपला नेमका अभ्यासक्रम शिक्षणोत्तर कामाच्या परवान्यास पात्र आहे काय, हे त्या देशाच्या सरकारच्याच संकेतस्थळावर स्वतः वाचावे. मध्यस्थाने दाखविलेल्या पानावर विसंबू नये, आणि दाखवील ती यादी कशाची आहे हे तिच्या शीर्षकावरून तपासावे. मध्यस्थाला पुष्कळदा संस्थेकडून दलाली मिळते, हे ध्यानात ठेवावे. शिक्षण किती काळ वर्गात बसून आणि किती घरबसल्या, हे विचारावे, कारण घरबसल्या केलेला अभ्यास पुष्कळ ठिकाणी परवान्याच्या मोजणीत धरला जात नाही. अर्ज कोठून, किती दिवसांच्या आत आणि कोणती भाषापरीक्षा देऊन करावयाचा, हे प्रवेशापूर्वीच वहीत टिपून ठेवावे. अर्जाचे शुल्क आणि आरोग्य-अधिभार यांचीही रक्कम हिशेबात धरावी; इंग्लंडात हा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून दरसाल १,०३५ पौंड झाला, म्हणजे दोन वर्षांच्या परवान्याला दोन हजार पौंडांहून अधिक केवळ त्यापोटी. आणि हे सर्व झाल्यावर वडील, आई व मुलगा वा मुलगी यांनी एकत्र बसून शेवटचा हिशेब करावा : परवाना मिळालाच नाही, आणि पदवी घेऊन लगेच परत यावे लागले, तर येथील पगारातून हे कर्ज फिटेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर निःशंक जावे. उत्तर ‘नाही’ असेल तर शिकण्याच्या नावाखाली आपण सोडत घेत आहोत आणि तिकिटाची किंमत आपले घर आहे, हे स्पष्टपणे समजून घ्यावे.

आम्हा शिक्षकांचीही यात चूक आहे. आम्ही मुलांना अर्जातील अलंकारिक भाषा शिकवितो, पण अर्जाखालच्या बारीक अक्षरांतील अटी वाचावयास शिकवीत नाही. व्याकरणाच्या तासाला ‘जर–तर’ची वाक्ये ओळखावयास सांगतो, परंतु आयुष्यातील सर्वांत महाग ‘जर’ कोणत्या कागदावर लिहिलेला आहे, हे दाखवीत नाही. यंदापासून मी ठरविले आहे की शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात एक तास बसावयाचे. ज्या माजी विद्यार्थ्याच्या हाती परदेशच्या प्रवेशाचे पत्र आले असेल, त्याने ते घेऊन यावे, शक्य तर आईवडिलांसह. आम्ही ते मिळून वाचू, नियमांचे पान मिळून उघडू, आणि न कळलेला प्रत्येक शब्द कोशात पाहू. मी कायद्याचा जाणकार नाही. पण शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे मला येते. कॅनडाहून परतलेल्या त्या माझ्या विद्यार्थ्यानेही येण्याचे कबूल केले आहे. दोन याद्यांतील फरक तो माझ्याहून चांगला समजावून सांगेल. शिफारसपत्र मी त्यानंतर लिहीन, आणि तेव्हा माझी सही अधिक समाधानाची असेल.